पंधरा लाखांचे क्विंटल

लासलगावात मोठ्या वस्तूची किंमत नुसती रुपयांत सांगून भागत नाही. ऐकणारा क्षणभर गप्प होतो, नजर आढ्याला लावतो, ओठ पुटपुटल्यासारखे हलतात. तेवढ्या वेळात त्याने रुपयांचे क्विंटल करून घेतलेले असतात. बोअरवेल, मुलीचं लग्न, पोराची इंजिनिअरिंगची फी, दारात उभी करायची चारचाकी, सगळ्याचा खरा आकडा तोच. रुपयांतला आकडा पावतीपुरता.

हिशेबाला सोपं जावं म्हणून मध्यम आकाराच्या, घरच्या माणसांना पुरेल अशा सेडानची ऑन-रोड किंमत पंधरा लाख धरू. कांदा तीन हजारांनी जात असेल तर गाडी पाचशे क्विंटलची. दीड हजारांनी गेला की तीच गाडी, तोच रंग, तीच सीट कव्हरं, हजार क्विंटलची. २०१८ च्या अखेरीस आमच्याच निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसात क्विंटल कांद्याचे १,०६४ रुपये हातात पडले होते आणि त्याने ते मनीऑर्डर करून थेट पंतप्रधानांकडे पाठवले होते. त्या भावाने ही गाडी साडेदहा हजार क्विंटलच्या वर जाते. एकरी शंभर क्विंटल उतारा धरला तर शंभराहून जास्त एकर कांदा लावायचा. तेवढी जमीन बाळगायची तर १९६१ चा सीलिंगचा कायदा आडवा येतो. म्हणजे त्या वर्षी सेडान घेणं परवडत नव्हतं एवढंच नव्हे, ते जवळजवळ बेकायदेशीर होतं.

मी इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. दादा मळ्यात कांदा करतो, आई त्याच्याकडे असते. गाडी दोघांत मिळून घ्यायची ठरली. निम्मे पैसे माझ्या पगारातून बाजूला पडलेले, निम्मे दादाच्या कांद्याच्या चाळीतले. माझा निम्मा वाटा बँकेत गुमान पडून होता. दादाच्या वाट्याला मात्र रोज सकाळी बाजार समितीत लिलावाचा पुकारा झाला की पाय फुटायचे. सकाळच्या सत्रात आम्ही होंडा सिटीच्या वरच्या मॉडेलपर्यंत पोचलेलो असायचो आणि दुपारच्या सत्रात डिझायरवर उतरायचो. आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ उशाशी असण्याचे असे तोटे आहेत. दुसऱ्या गावातल्या माणसाला आपली ऐपत महिनाअखेरीला कळते, आम्हाला दिवसातून दोनदा.

सेडानच का, हा प्रश्न गावात प्रत्येकाने विचारला. इथे शोभते ती बोलेरो, नाहीतर स्कॉर्पिओ. दोन्ही नाशिकच्या कारखान्यातून निघणाऱ्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्याच लेकी. अंगाने उंच, खड्ड्यांना न जुमानणाऱ्या, सभेला निघाल्या तरी लग्नाला निघाल्यासारख्या दिसणाऱ्या. देशातही आता विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत निम्म्याहून जास्त एसयूव्ही असतात. हे मला आकडेवारीच्या आधी वर्गात कळलं. पूर्वी पोरांना ‘मोटार काढा’ म्हटलं की सगळ्यांची एकच मोटार यायची. पुढे एक पायरी, मधे घुमट, मागे दुसरी पायरी. कुर्ल्याची प्रीमिअर पद्मिनी काय नि उत्तरपाड्याची अँबॅसिडर काय, पेन्सिलीला सारख्याच. आताची पोरं उभा खोका काढतात, त्याला चाकं मोठी देतात आणि टपावर कॅरिअर. मागची पायरी गेलीच. डिक्की म्हणून वेगळं काही असतं हे आठवीच्या वर्गाला फळ्यावर काढून दाखवावं लागलं, तेव्हा एका मुलीने विचारलं, ‘सर, हे मागचं पुढे आलेलं काय आहे?’

माझ्या डोक्यात सेडान बसली ती १९९८ पासून. त्या वर्षाच्या जानेवारीत होंडाने सिटी आणली आणि त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला कांदा असा कडाडला की दिल्लीतल्या सरकारला निवडणुकीत तो भोवला. दिल्लीकर रडत होते त्या हंगामात आमच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या दारात पांढरी सिटी येऊन उभी राहिली. संध्याकाळी बाप्ये लोक सहज पाय मोकळे करायला म्हणून त्या बाजूने जायचे. मीही गेलो होतो. व्यापाऱ्याने डिक्की उघडली, एक सूटकेस ठेवली आणि झाकण नुसतं हाताने टेकवलं. ते आपटलं नाही. खट्ट न होता मिटलं. तोवर मी डिक्की बंद होताना ऐकली होती ती सगळी पत्र्याची होती, दोनदा आपटल्यावाचून न लागणारी. त्या मिटण्यावर माझा जीव जडला. चारचौघांत हे कारण सांगता येत नाही. पंधरा लाखांचा सौदा झाकणाच्या आवाजावर करतोय म्हटल्यावर दादाने माझी पुढची सगळी मतं ऐकणं सोडून दिलं असतं.

त्यामुळे दादाला मी दुसरं कारण दिलं, आणि ते दिल्यावर माझ्या लक्षात आलं की ते खरंही आहे. ते कारण म्हणजे कांद्याचा वास. लासलगावचा माणूस पुण्या-मुंबईला रिकाम्या हाताने जात नाही. बहिणीकडे एक गोणी, साडूकडे एक, मुलगी राहते त्या सोसायटीतल्या वॉचमनलासुद्धा पिशवीभर. बोलेरोत काय नि छोट्या हॅचबॅकमध्ये काय, मागे ठेवलेली गोणी आणि मागे बसलेली माणसं एकाच खोलीत असतात. एसी लावला की कांदा सगळ्यांत सारखा वाटला जातो. उन्हाळ कांदा एक वेळ बरा, कोरडा असतो. पण पावसाळी हवेत चाळीतून काढलेली, एखादा कांदा आतून गेलेली गोणी कसारा घाट उतरेपर्यंत माणसाला वैराग्य आणते. सेडानमध्ये डिक्कीला आपली स्वतंत्र खोली आहे, मधे सीटची भिंत आहे. कांदा त्याच्या घरात, आपण आपल्या. दादा म्हणाला, ‘हे तू आधी का नाही सांगितलं?’

एकदा हे पटल्यावर दादाने निवडीचा एकच निकष ठेवला: डिक्कीत गोण्या किती बसतात. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीने तोवर सगळ्या गाड्यांचा तक्ता करून पाठवला होता. मारुतीची सियाझ ५१० लिटर, होंडा सिटी ५०६, ह्युंदाईची व्हर्ना ५२८, आणि चाकणला बनणाऱ्या दोघी, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस, ५२१-५२१. पन्नास किलोची कांद्याची गोणी ढोबळ नव्वद लिटर जागा खाते. म्हणजे कागदावर प्रत्येक डिक्कीत पाच गोण्या. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या डिक्कीत फरक बावीस लिटरचा, म्हणजे बारा किलो कांदा. ‘बारा किलोसाठी कशाला एवढा घोळ?’ असं मी म्हणालो. दादा म्हणाला, ‘बारा किलो कांदा पिकवून बघ.’

डिक्कीतल्या या लिटरांवर सरकारचंही लक्ष असतं, हे शहरातल्या लोकांना माहीत नसावं. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली. मग कंपन्यांनी सेडानच्या शेपट्या कापायला घेतल्या. स्विफ्ट डिझायर २००८ साली आली तेव्हा तिची डिक्की ४४० लिटरची होती. २०१२ ला तिला ३,९९५ मिलिमीटरमध्ये बसवली आणि डिक्की राहिली ३१६ लिटरची. सव्वा गोणीहून जास्त कांदा अर्थमंत्र्यांनी रस्त्यावर उतरवला. डिझायर गाडी गुणी, मायलेजला कोणी हात धरणार नाही, तालुक्यात पाहावं तिकडे तीच दिसते. पण दादाने तिच्या मागच्या बाजूकडे पाहून मान हलवली, ‘ही पुढून सेडान आहे.’

नाशिकलाच बनलेली एक घरेलू सेडान होती, तिची आठवण आता कोणी काढत नाही. २००७ ची महिंद्र-रेनोची लोगन. दिसायला चौकोनी, मागच्या सीटवर तिघे अंग न चोरता बसत, डिक्की ५१० लिटरची. आम्हाला हवं ते सगळं तिच्यात होतं आणि आमच्या घरापासून साठ-एक किलोमीटरवर तयार होत होतं. पण ती आधी टॅक्सीवाल्यांना आवडली आणि मग घरच्या लोकांनी नाक मुरडलं. आपली गाडी बसस्टँडवर ओळखीची वाटावी हे मध्यमवर्गाला चालत नाही. पुढे महिंद्र आणि रेनो वेगळे झाले, २०११ ला गाडीचं नाव व्हेरिटो झालं, आणि ती निवृत्तही झाली. मला वाटतं, टॅक्सीवाला जी गाडी निवडतो ती डोळे मिटून घ्यावी. पण हा सल्ला देणारे आपण स्वतः तसं वागत नाही, त्यात मीही आलो.

डिक्कीनंतर प्रश्न आला पोटाचा. मळ्यातला रस्ता ट्रॅक्टरने केलेला आहे, म्हणजे दोन बाजूंना चाकोऱ्या आणि मधे गवत उगवलेला उंचवटा. सेडानचं पोट तिथे घासणार की नाही? लेकीच्या तक्त्यात ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना होता. सिटी आणि व्हर्ना १६५ मिलिमीटर, सियाझ १७०, चाकणच्या दोघी १७९. पुतण्याने चाळीतून निवडून पंचावन्न मिलिमीटरचे एकसारखे तीन कांदे आणले आणि ओट्यावर एकावर एक धरून दाखवले. पंचावन्न त्रिक एकशे पासष्ट. तीन कांद्यांची उंची म्हणजे सिटी. त्यावर लसणाची एक जाड पाकळी ठेवली की स्लाव्हिया. दादाने ते तीन कांदे आणि पाकळी उचलून रस्त्यावरच्या उंचवट्याशी नेली, खाली बसून नजर लावली, आणि बराच वेळ उठला नाही. मग म्हणाला, ‘पाकळीने निभावेल. पण मागे पाच गोण्या टाकल्यावर पाकळी राहते का?’ याचं उत्तर कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नव्हतं. अडीचशे किलो कांदा आणि वर पाच माणसं हा विचार करून ती छापलेली नसतात.

इंजिनाच्या बाबतीत दादाला पहिला धक्का बसला तो डिझेलचा. तक्त्यातल्या एकाही गाडीत डिझेल उरलेलं नव्हतं. व्हर्ना आणि सिटीचं डिझेल २०२३ मध्ये बंद झालं, चाकणच्या दोघी पहिल्यापासून पेट्रोलवरच्या. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधून गाडीतही चार लिटर ओतता येतील, हा त्याचा मनातला बेत तिथेच संपला. दुसरा धक्का सुखद होता. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन ११५ पीएस ताकद देतं हे ऐकून तो चकित झाला. ‘आपल्या ट्रॅक्टरलाही तीनच सिलिंडर, पण इंजिन केवढं! आणि हे चेंडूएवढं?’ मग मी दीड लिटरच्या मोठ्या टर्बोचं वर्णन केलं. चार सिलिंडर, रस्ता सपाट लागला की त्यातले दोन आपोआप विश्रांती घेतात, पेट्रोल वाचतं. दादा हसलाच नाही. ‘म्हणजे दोघं बांधावर बसणार. मजुरी चौघांची घेणार का दोघांची?’

गाड्या बघायला आम्ही नाशिकला गेलो तो दिवस मला वेगळ्याच कारणाने आठवतो. त्यासाठी आधी लिलाव कसा होतो ते सांगावं लागेल. ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. ट्रॉलीचा फाळका खाली पडतो, चार-दोन कांदे जमिनीवर घरंगळतात. व्यापाऱ्यांचा घोळका येतो. एकजण वाकून कांदा उचलतो, अंगठ्याने मान दाबतो, पत्ती बघतो, मनात आलं तर फोडून आतली गुलाबी रेघ बघतो. बोलत कोणी नाही. शेतकरी ट्रॉलीच्या कडेला हात ठेवून उभा असतो. तोही बोलत नाही, कारण त्याने बोलून काही व्हायचं नसतं. मग पुकारा होतो, आकडा वर सरकतो, थांबतो, चिठ्ठीवर लिहिला जातो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे जातो. चार महिन्यांचं पीक, वर चाळीत राखलेले महिने, आणि निकाल अर्ध्या मिनिटात. दादाला उभ्या आयुष्यात असं कितीदा ट्रॉलीला हात लावून उभं राहिलेलं मी पाहिलंय.

त्या दिवशी शोरूममध्ये दादा पांढरी टोपी, पांढरा पायजमा अशा वेशात शिरला. गुळगुळीत फरशीवर गाडी उभी. सेल्समन पोरगा नम्र होता, ‘या काका, बसा काका, चहा घेणार का पाणी?’ दादाने चहा-पाण्याला हातानेच नको म्हटलं आणि गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारली. मग वाकला. दाराच्या रबराला अंगठ्याने दाबलं. बॉनेटच्या पत्र्यावर बोटाचं पेर दोनदा वाजवलं. टायरच्या खाचेत नख घातलं. डिक्की उघडली, आत पूर्ण वाकून बघितलं, हात शेवटपर्यंत नेला, डिक्की लावली. (ती मिटली. मी ऐकलं.) या सगळ्यात एक शब्द बोलला नाही. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आणि तो सेल्समन पोरगा गाडीच्या कडेला हात ठेवून उभा राहिला होता, दादाच्या तोंडाकडे बघत.

मला एकदम खूप बरं वाटलं. आयुष्यभर ज्याचा माल दुसऱ्यांनी दाबून बघितला त्याला एकदा तरी दुसऱ्याचा माल मनसोक्त दाबून बघायला मिळत होता. विकायला अर्धं मिनिट मिळतं, तर घ्यायला दोन वर्षं का घेऊ नयेत? तेव्हापासून मी दादाच्या मागे घाई लावली नाही. लेक फोनवर वैतागायची, ‘बाबा, क्रॅश टेस्टमध्ये व्हर्टस, स्लाव्हिया आणि व्हर्ना तिघींना ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळालेत, अजून काय बघायचंय?’ मी म्हणायचो, दादा अजून पत्ती बघतोय.

फेरी संपल्यावर दादा एक आकडा बोलला. सेल्समन कसनुसा हसला आणि म्हणाला, ‘काका, एक्स-शोरूम किंमत कंपनीच ठरवते. ती देशभर छापील असते.’ दादाने त्याच्याकडे जरा आदराने पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘बघितलं? माल त्यांचा, भावही त्यांचाच. आपल्याला हे कोणी शिकवलंच नाही.’ आणि आम्ही रस्ता ओलांडून पुढच्या शोरूममध्ये गेलो.

हे सगळं सुरू झालं २०२३ च्या दसऱ्याच्या सुमाराला, कांदा रोज चढत होता तेव्हा. आम्ही अगदी हायब्रिड सिटीच्या गप्पा मारायला लागलो होतो. डिसेंबरच्या ८ तारखेला निर्यातबंदी आली आणि आम्ही हायब्रिडवरून खाली आलो, बघता बघता ‘आहे ती मोटारसायकल काय वाईट आहे’ इथवर. २०२४ च्या मे महिन्यात बंदी उठली पण ४० टक्के निर्यातशुल्क राहिलं. सप्टेंबरात ते २० वर आलं, २०२५ च्या एप्रिलपासून पूर्ण गेलं. दिल्लीत निघणाऱ्या प्रत्येक अधिसूचनेगणिक आमच्या ओसरीवर एक गाडी आत यायची, एक बाहेर जायची. गावात १९४७ पासून बाजार समिती आहे. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली उभारलेलं ‘कृषक’ विकिरण केंद्र आहे. तिथून २००७ पासून हापूस आंबे विकिरण करून घेऊन अमेरिकेला जायला लागले. आमच्या चर्चेला फुटणारे कोंब थांबवणारं यंत्र तेवढं गावात नव्हतं.

वाट बघण्याचं दादाला काही वाटत नाही. चाळ म्हणजे वाट बघण्याचंच बांधकाम. फक्त चाळीत वाट बघितली की माल वजनाला घटतो, सडतो, भाव चढला तरी हाती किती लागेल सांगता येत नाही. गाडीच्या बाबतीत उलटं झालं. आम्ही वाट बघत असताना २०२५ मध्ये मारुतीने सियाझच बंद केली, यादीतलं एक नाव आमच्यासाठी परस्पर कमी झालं. शेजारी एकाने तीच गाडी वर्षभर आधी घेतली होती. तो आम्हाला ‘बघा, लवकर ठरवलं असतं तर मिळाली असती’ म्हणाला, तर दादा त्याला ‘लवकर ठरवलं असतं तर बंद पडलेली गाडी गळ्यात असती’ म्हणाला. दोघांचंही खरं होतं. मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. या वर्गातल्या गाड्यांवर आधी २८ टक्के कर आणि वर १७ टक्के सेस असे ४५ टक्के जायचे, ते सरसकट ४० झाले. पंधरा लाखांच्या गाडीमागे चाळीस-पन्नास हजार वाचले. दादा त्या संध्याकाळी मुद्दाम घरी आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, ‘मी म्हणत नव्हतो, थांब?’ मी क्विंटलचा विषय काढला नाही. भाव इतका पडलेला होता की स्वस्त झालेली गाडी आदल्या वर्षीच्या महाग गाडीपेक्षा कितीतरी जास्त क्विंटलची पडत होती. त्यालाही ते ठाऊक होतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच थांबण्याचा भाव चांगला मिळाला होता, तो का नासवायचा.

शेवटचा शब्द आईचा होता. तिचे गुडघे बोलेरोच्या पायरीला केव्हाच नकार देऊन बसलेत. सेडानची सीट खाली, म्हणजे चढायचं नाही, पण उठायचं कसं? तिला प्रत्येक गाडीत बसवून-उठवून बघितलं. ती आधी पाठमोरी टेकायची, मग नऊवारीचा घोळ गोळा करून एक पाय आत, मग दुसरा, आणि मग पिशवी मांडीवर घेऊन समोर बघायची, जणू गाडी आता वणीच्या गडाकडे निघणारच आहे. उठताना दाराच्या चौकटीला धरायची. तीन गाड्या झाल्यावर तिने आपला निकाल दिला. तो मायलेजबद्दल नव्हता, ताऱ्या-बिऱ्यांबद्दलही नव्हता. एका गाडीत छताजवळची धरायची मूठ तिच्या हाताला बरोबर येत होती. संपलं. लेकीच्या तक्त्यात सगळे रकाने होते, मुठीचा नव्हता.

कोणती गाडी घेतली ते लिहीत नाही. उरलेल्या सगळ्या आमच्या आळीत उभ्या आहेत आणि त्यांच्या मालकांची पोरं माझ्या वर्गात आहेत.

दिवाळीच्या पाडव्याला गाडी ताब्यात मिळाली. एमएच १५ चा नंबर, नारळ, हार, चाकाखाली लिंबू, आई मागच्या सीटवर मूठ धरून. किल्ली घेण्याआधी दादाने पुन्हा सगळी फेरी केली, पण आता घाईत. डिक्कीपाशी मात्र थबकला. त्याने तळाचं पांघरूण उचललं, खालची फळी वर केली आणि स्टेपनी बाहेर ओढून गाडीच्या चाकाशेजारी उभी केली. ती बोटभर बारकी निघाली.

लिलावात घेतलेली ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते. वर एक नंबर माल आणि तळाला गोल्टी, म्हणजे बारका कांदा, निघाली की व्यापारी वांधा काढतो, ठरलेल्या भावातून कमी करून मागतो आणि शेतकऱ्याला निमूट ऐकावं लागतं. दादाने आजवर असे कितीतरी वांधे ऐकून घेतलेत. त्याने स्टेपनीवर तळहात ठेवला, सेल्समनकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, ‘वर एक नंबर, तळाला गोल्टी. वांधा आहे. किती कमी करता?’

पोरगा नाशिकचाच, त्याला शब्द कळला. तो म्हणाला, ‘काका, हल्ली पुष्कळ गाड्यांना अशीच येते. पंक्चर काढून आणण्यापुरती.’ मग त्याने आत जाऊन साहेबांना विचारलं. पैसे कमी झाले नाहीत. पायपुसण्यांचा एक संच मिळाला, आणि एसीच्या जाळीला अडकवायची मोगऱ्याच्या वासाची बाटली. दादाने बाटली नाकाशी धरली, टोपण घट्ट लावलं आणि डिक्कीत ठेवली.

‘पुण्याला गोण्या नेऊ तेव्हा तिकडेच लागेल,’ तो म्हणाला.